टाटा रुग्णालय, आत्याची फाइल आणि एका संचालकांची निवृत्ती

निवृत्त होणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचा सत्कार आपल्याकडे कसा होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. शाल, श्रीफळ, चौकटीत बसवलेले मानपत्र आणि प्रत्येक वक्त्याच्या तोंडी 'देवमाणूस' हा शब्द. कर्करोगाचे सर्जन डॉ. राजेंद्र बडवे २०२३ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या, म्हणजे परळचे टाटा कर्करोग रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेच्या, संचालकपदावरून निवृत्त झाले, तेव्हा मी अशा कोणत्याही समारंभात नव्हतो, आणि असण्याचे कारणही नव्हते. मी त्यांना कधी भेटलेलो नाही. आमच्या आत्याची शस्त्रक्रियाही त्यांच्या हातची नाही. माझ्याजवळ आहे ती फक्त आत्याची जाडजूड फाइल आणि त्या फाइलमागे परळला घालवलेले दिवस. त्यामुळे ज्या संस्थेचे त्यांनी दशकाहून अधिक काळ नेतृत्व केले, तिच्या सेवेचे रीतसर परीक्षण लिहिणे, हाच सत्काराचा माझ्या परीने मला जमणारा प्रकार आहे. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलो आहे. कोणतीही संस्था तिच्या काउंटरवरून आणि फायलींवरून ओळखायची सवय मला तिथेच लागली, आणि पुढचे सारे त्याच सवयीने लिहिले आहे.

तुलनेसाठी आधीची हकिकत सांगणे भाग आहे. २०१४ च्या पावसाळ्यात सांगोला तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याच्या डाव्या स्तनात गाठ लागली. आम्ही तिला जवळच्या शहरातील एका रुग्णालयात नेले. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. तेथे पहिल्याच भेटीत, गाठीचा तुकडा तपासायला पाठवण्याच्या आधीच, 'परवा पूर्ण स्तन काढून टाकू' असे सांगण्यात आले. खर्चाचा अंदाज औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून मिळाला आणि अनामत रक्कम भरल्याशिवाय मॅमोग्राफीची फिल्म हातात पडेना. आत्या एक शब्द बोलली नाही. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, मात्र बाहेर आल्यावर म्हणाले, "जनावर घेताना आपण दोन बाजार फिरतो, आणि इथं माणसाचा सौदा पाच मिनिटांत व्हय?" त्याच रात्री कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली आणि पहाटे दादरला उतरलो.

परळच्या टाटा रुग्णालयाची गर्दी ही काही नव्याने सांगायची गोष्ट नाही. देशाच्या कानाकोपऱ्यातून वर्षाला ५० हजारांहून अधिक नवे रुग्ण जेथे नोंद करतात, तेथे गर्दी असायचीच; पहिल्यांदा येणाऱ्याने पूर्ण दिवस हाताशी धरूनच यावे, हा माझा पहिला व्यावहारिक सल्ला आहे. पण गर्दी आणि गोंधळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बँकेतला माणूस चांगला ओळखतो. नोंदणी झाली, फाइल क्रमांक मिळाला, आणि त्याबरोबर एक स्मार्ट कार्ड. कार्डात पैसे भरायचे, प्रत्येक तपासणीच्या वेळी त्यातून रक्कम वळती होणार, पावती मिळणार. रोख रक्कम खिडकीखिडकीवर मोजत बसण्याची गरज नाही, आणि कोणाच्या हातात 'चहापाण्याचे' काही ठेवण्याचा प्रसंगही उद्भवत नाही. खेड्यातून आलेल्या माणसाची पहिली भीती आजाराची नसते. आपल्याला कोणी लुबाडेल का, ही असते. ती भीती त्या प्लास्टिकच्या कार्डाने अर्ध्या दिवसात घालवली. वैद्यकीय समाजसेवा विभागातील बाईंनी केशरी रेशनकार्ड पाहिले, घरात किती माणसे, शेती किती, बागायत की जिरायत, असे नेमके प्रश्न विचारले आणि कोणत्या योजनेत काय बसेल, कशासाठी कोणता कागद लागेल, हे एका कोऱ्या कागदावर क्रमाने लिहून दिले. तो कागद अजून फाइलमध्ये आहे.

उपचारांबाबत सांगायचे, तर येथे पहिल्याच दिवशी कोणी काही कापायचे ठरवले नाही. आधी सुईने तुकडा घेऊन निदान पक्के झाले, मग शस्त्रक्रिया करणारे, केमोथेरपी देणारे आणि रेडिएशन देणारे अशा तिन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी मिळून उपचारांचा क्रम ठरवला. पूर्ण स्तन काढण्याची गरज नाही, गाठ आणि भोवतालचा भाग काढला आणि नंतर रेडिएशन घेतले तरी चालेल, असे आम्हाला सांगण्यात आले. आत्याचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी पाहिले आहे. साठीला टेकलेल्या बाईला याचे काय, असे आमच्या घरातल्याच काहींना वाटत होते. तिला काय वाटते, हे तिला विचारणारी पहिली व्यक्ती परळची ती तरुण डॉक्टर होती.

आता ज्या प्रसंगामुळे हे परीक्षण बडवे यांच्या नावाशी जोडले जाते, त्याकडे येतो. शस्त्रक्रियेच्या आधी एका डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून एका अभ्यासाची माहिती दिली. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीच्या भोवती भुलीचे साधे इंजेक्शन दिले, तर आजार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी होते का, हे तपासायचे होते. माहितीपत्रक मराठीत होते आणि ते वाचून दाखवण्यात आले. "इंजेक्शन द्यायचं की नाही, हे मी ठरवणार नाही आणि तुम्हीही नाही; ते संगणक ठरवेल," असे डॉक्टर म्हणाले, आणि लगेच पुढे, "मावशी, तुम्ही नाही म्हणालात तरी ऑपरेशन ठरल्या दिवशीच होईल. तुमच्या उपचारात काही कमी पडणार नाही."

माझ्या मनात पहिल्यांदा तोच विचार आला, जो आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात येईल: गरिबांवर प्रयोग करतात की काय? मी तो शब्द उच्चारलाही. डॉक्टर चिडले नाहीत. हे औषध म्हणजे लिग्नोकेन, दात काढताना हिरडीत देतात तेच, कित्येक वर्षांपासून वापरात असलेले आणि अगदी स्वस्त, असे त्यांनी समजावले. गाठीला शस्त्रक्रियेत हात लागला, की तिच्यातील पेशी बिथरतात आणि त्यांतील काही रक्तात निसटण्याची शक्यता असते. त्या आधीच बधिर करता आल्या तर, अशी कल्पना होती. त्यावर मामा म्हणाले, "म्हणजे मोहोळ काढायच्या आधी धूर देतो तसं." डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अगदी तसंच." मी नंतर या विषयावर मिळेल ते वाचले आहे, पण मामांच्या त्या वाक्याहून सोपे स्पष्टीकरण मला कोठे आढळले नाही.

आत्याने अंगठा न उठवता सही केली; चौथीपर्यंतचे शिक्षण तिने त्या दिवशी वापरले. संगणकाने तिला इंजेक्शन न देण्याच्या गटात टाकले. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीच झाली.

पुढे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या कर्करोग परिषदेत बडवे यांनी त्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले आणि २०२३ मध्ये ते 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. देशातील ११ केंद्रांत मिळून १,६०० स्त्रिया या अभ्यासात होत्या. ज्यांना इंजेक्शन दिले त्यांच्यात पाच वर्षांनंतर आजाराविना असलेल्यांचे प्रमाण ८६.६ टक्के, न दिलेल्यांत ८२.६ टक्के, पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के. ऐकताना हा फरक किरकोळ वाटतो. पण शंभर बायकांमागे तीन-चार बायका अधिक जगतात आणि त्यासाठी खर्च होतो एका साध्या भुलीच्या इंजेक्शनाचा व सात ते दहा मिनिटे थांबण्याचा, हे लक्षात घेतले म्हणजे हिशेब वेगळा दिसू लागतो. लाखो रुपयांच्या नव्या औषधांना याहून मोठे यश दर वेळी मिळतेच असे नाही. पेटंट संपलेल्या औषधावर असा अभ्यास कोणती कंपनी कशाला करील? तो सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेनेच करायचा असतो, आणि दहा वर्षे धीर धरून करायचा असतो.

हातचे राखून लिहू नये म्हणून हेही नोंदवतो, की कोणाला इंजेक्शन दिले हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक होते, आणि असाच अभ्यास इतर देशांतही व्हावा, अशी अपेक्षा जाणकारांनी व्यक्त केली. ती रास्तच आहे. बातमी वाचून मी आत्याला फोन केला. तिला इंजेक्शन मिळाले नव्हते, हे आठवून मला उगीचच ओशाळल्यासारखे झाले होते. ती म्हणाली, "आरं, मला नसंल मिळालं, पण पुढच्यांना तर मिळंल की." मी तिला साधू-संत ठरवू इच्छित नाही, त्याच फोनवर तिने धाकट्या सुनेबद्दल पंधरा मिनिटे तक्रार केली.

बडवे यांच्या कामाचा माग मागे घेत गेलो, तर हा एक अभ्यास सुटा नाही असे दिसते. १९९१ मध्ये, लंडनच्या गाय्ज रुग्णालयात असताना, मासिक पाळीच्या कोणत्या टप्प्यावर शस्त्रक्रिया होते याचा जगण्याशी संबंध आहे का, याविषयी त्यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला होता. तोच धागा धरून मुंबईत शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाचे एकच इंजेक्शन देऊन पाहण्याचा मोठा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता फरक पडला नाही, काखेतील गाठींपर्यंत आजार पोहोचलेल्यांत मात्र फायदा दिसला, असे त्यात प्रांजळपणे सांगितले आहे. तीस वर्षांहून अधिक काळ एक माणूस एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारतो आहे: शस्त्रक्रियेच्या आधीच्या आणि नंतरच्या त्या थोड्या तासांत नेमके काय घडते, आणि तेथे स्वस्तात काही करता येईल का? आमच्या भागात याला 'एकाच विहिरीवर मोट धरणे' म्हणतील.

याहूनही मला महत्त्वाचा वाटतो तो २०१५ मधला अभ्यास, कारण त्यातून कोणतेही इंजेक्शन किंवा औषध निघाले नाही. निघाला तो नकार. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरल्यानंतर मूळ गाठ काढावी की नाही, यावर डॉक्टरांत मतभेद होते, आणि अनेक ठिकाणी ती काढली जात होती. बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० स्त्रियांवर हे तपासले. ज्यांची गाठ काढून रेडिएशन दिले त्या आणि ज्यांना ते दिले नाही त्या, यांच्या आयुर्मानात फरक पडला नाही, असे दिसून आले. शस्त्रक्रिया करून पोट भरणाऱ्या व्यवसायातील एका नामांकित सर्जनने 'येथे आमच्या सुरीचा उपयोग नाही' असे आकड्यांनिशी लिहून ठेवावे, याची किंमत ज्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूवरील अंदाजपत्रक पाहिले आहे, त्यांनाच कळेल. माझ्या मते त्यांच्या मानपत्रात पहिले वाक्य याचे असायला हवे, २०१३ च्या पद्मश्रीचे नव्हे.

एक खुलासा येथेच करतो, नाहीतर परीक्षणाचे स्तोत्र होईल. स्वस्त आणि सर्वांना परवडेल असे शोधायचे, ही रीत बडवे यांच्यापासून सुरू झाली असे नाही. ती त्या वास्तूतच आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई यांच्या रक्ताच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून हे रुग्णालय उभे राहिले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेले. रुग्णालय ज्या रस्त्यावर आहे, त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. गोव्याच्या मातीतले हे सर्जन येथे आयुष्य घालवून गेले. डॉ. केतायून दिनशॉ संचालक होत्या त्या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सुरू झाली. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखालील या कामात दहावी शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन, स्वयंपाकघरातील व्हिनेगरसारखे पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली गेली, आणि त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जगापुढे आले. तेव्हा सारे श्रेय एकाच माणसाच्या ओटीत घालणे अन्यायाचे होईल. चालत आलेली रीत मोडू न देता ती मोठी केली, एवढे श्रेय मात्र बडवे यांचे आहे.

ही रीत मोठी केली म्हणजे काय, तर २०१२ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय कर्करोग जाळे, ज्याला सगळे 'नॅशनल कॅन्सर ग्रिड' म्हणतात. देशभरातील कर्करोग रुग्णालयांनी उपचारांची समान पद्धत ठरवावी, एकमेकांना सल्ला द्यावा, हा मूळ हेतू; आज त्यात ३०० हून अधिक संस्था आहेत. बँकेतल्या माणसाला त्यातील सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र एकत्रित खरेदीची आहे. २३ रुग्णालयांनी ४० औषधांची मागणी एकत्र केली, कंपन्यांना सांगितले की एवढा माल उचलतो, भाव सांगा. आणि मध्यक बचत, म्हणजे सगळ्या औषधांची बचत क्रमाने मांडली तर मधोमध येणारा आकडा, ८२ टक्के झाली. भाजी बाजारात सोसायटीतल्या बायका मिळून पोत्याने कांदे घेतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त येथे कांद्याच्या जागी केमोथेरपी आहे. या कामाचे प्रत्यक्ष समन्वयन डॉ. सी. एस. प्रमेश यांनी केले, हेही लिहायला हवे. पण संस्थेच्या प्रमुखाने स्वतःच्या संस्थेपुरते न पाहता, जिच्याशी आपली स्पर्धा व्हावी अशा रुग्णालयांनाही त्याच भावात औषध मिळू देणे, हा निर्णय खुर्चीवर बसणाऱ्याच्या मनावर अवलंबून असतो. मी ज्या बँकेत काम केले तेथे दोन शाखा एकमेकींना स्टेपलर देत नसत.

आत्याची केमोथेरपी आम्ही परळला घेतली नाही. तेथून लिहून दिलेले वेळापत्रक घेऊन बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात गेलो, जे आम्हाला एका दिवसात जाऊन येण्याजोगे होते. बार्शीचा आणि परळचा संबंध जुना आहे; ग्रामीण भागातील देशातील पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, आणि त्या वेळी खेड्यापाड्यांत फिरून कोणत्या घरात कोणाला काय झाले याची नोंद करणारी माणसे टाटाच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली. तेथील डॉक्टरांनी परळचा कागद वाचला, एका शब्दाचाही फेरफार न करता औषध सुरू केले, आणि रक्ताचे आकडे उतरले त्या आठवड्यात स्वतःच्या जबाबदारीवर डोस पुढे ढकलला. सेवेच्या दृष्टीने मला हा सर्वांत समाधानाचा भाग वाटला. मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयाने आपला रुग्ण धरून न ठेवता त्याच्या गावाजवळ सोडणे, हे दिसायला सोपे आहे. पण खासगी क्षेत्रात रुग्ण 'आमचा' असतो, आणि तो 'आमचा'च राहावा यासाठी काय काय होते, ते येथे सांगत बसत नाही.

रेडिएशनसाठी मात्र परळलाच राहावे लागले. त्या दिवसांत दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. सेवेच्या परीक्षणात धर्मशाळेचा उल्लेख का, असे कोणी विचारील, तर त्याने एकदा परळच्या पदपथावरून संध्याकाळी चालत जावे. चादरी अंथरून, डोक्याशी एक्स-रेचे पाकीट घेऊन निजलेली माणसे तेथे दिसतात. वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. उपचार स्वस्त झाले, पण मुंबईत महिनाभर राहणे स्वस्त झालेले नाही. नाना पालकर स्मृती समिती, गाडगे महाराज मिशन, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड अशा संस्थांनी बाहेरून हा भार पेलला नसता, तर आतल्या सगळ्या कौशल्याचा निम्मा उपयोग झाला नसता. रुग्णालयाच्या इतक्या वर्षांच्या वाटचालीत हा प्रश्न सुटलेला नाही, आणि निवृत्त संचालकांच्या कारकिर्दीच्या ताळेबंदात तो येणे बाकी म्हणून दाखवावा लागेल.

अर्थात त्यावर खरा उपाय परळमध्ये आणखी खोल्या बांधणे हा नाहीच. तो रुग्णाला परळला यावेच लागू नये, हा आहे. आणि त्या दिशेने याच काळात बरेच घडले. पंजाबात संगरूर, २०१९ मध्ये वाराणसी, ईशान्येत गुवाहाटीची डॉ. भुवनेश्वर बरुआ संस्था, २०२२ मध्ये चंडीगडजवळ मुल्लानपूर, शिवाय विशाखापट्टणम आणि मुझफ्फरपूर, अशा ठिकाणी टाटा स्मारक केंद्राचा विस्तार झाला. धर्मशाळेत आमच्या शेजारच्या खाटेवर बलियाजवळच्या खेड्यातले एक गृहस्थ होते. त्यांच्या मुलाला वाराणसी पुरली असती, तर त्यांचे रेल्वेचे दोन दिवस, मुंबईतले दीड महिने आणि गावी गहाण टाकलेली जमीन, यांतले बरेच वाचले असते. त्यांच्या वेळी ते नव्हते.

पुढे तपासणीसाठी जात राहिलो तेव्हा एक नवी गोष्ट दिसली, ती म्हणजे 'केवट'. टाटा ट्रस्ट आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांच्या साहाय्याने २०१९ पासून रुग्णांना वाट दाखवणाऱ्या माणसांचे एक वर्षाचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि त्यांना हे नाव देण्यात आले. रामाला गंगेपार नेणारा नावाडी. सरकारी संस्थेने योजनेला असे नाव ठेवावे, याचे मला अप्रूप वाटले, कारण आपल्याकडे योजनांना नावे बहुधा माणसांची असतात. एका मुलीने आत्याला रक्त कोठे द्यायचे, सोनोग्राफी कोणत्या मजल्यावर आणि या दोन्हींमध्ये काय खाऊ शकता, हे इतक्या नीट सांगितले की पुढच्या वेळी आत्या स्वतःच दुसऱ्या बाईला तेच सांगत होती.

एका गोष्टीबद्दल मात्र माझी नाराजी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे निवृत्तीनंतर, बडवे यांनी रेझ्व्हेराट्रॉल (द्राक्षांत आढळणारे एक वनस्पतिजन्य द्रव्य) आणि तांबे यांच्या मिश्रणाच्या एका गोळीविषयी दूरचित्रवाणीवर माहिती दिली. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचे ते संशोधन उंदरांवरचे होते, माणसांवरचा पुरावा अजून अपुरा होता, आणि अनेक कर्करोगतज्ज्ञांनी या घाईवर टीका केली. वाहिन्यांनी त्याची '१०० रुपयांत कर्करोग परतणार नाही' अशी बातमी करून टाकली. त्या आठवड्यात मला चार घरांतून फोन आले, की गोळी कोणत्या दुकानात मिळते. ज्या माणसाने १,६०० स्त्रिया आणि दहा वर्षे लागली तरी आकडे हाती आल्याशिवाय तोंड उघडले नाही, त्यांचे नाव अशा मथळ्याखाली यावे, याचे वाईट वाटले. स्वस्त औषधाची ओढ हा त्यांचा मोठेपणा आहे, आणि त्या एका वेळी तीच ओढ थोडी पुढे धावली, असे माझे मत आहे. ते चुकीचे असेल तर मला आनंदच होईल.

ज्यांना या सेवेचा प्रथमच उपयोग करायचा आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. बाहेर केलेल्या तपासणीचे अहवालच नव्हे, तर गाठीच्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ठोकळेही मागून घ्या. ते तुमचे आहेत, आणि परळला ते पुन्हा तपासले जातात. रेशनकार्ड आणि आधार कार्ड यांच्या चार-चार प्रती ठेवा. रुग्णाबरोबर दोन माणसे असतील तर उत्तम. एकाने रांगेत राहावे आणि दुसऱ्याने रुग्णापाशी. डॉक्टर अभ्यासात सहभागी होण्याविषयी विचारतील, तर घाबरून नाही म्हणू नका आणि भारावून होही म्हणू नका. माहितीपत्रक घरी नेऊन वाचतो असे सांगितले, तर कोणी रागावत नाही. आणि राहण्याची सोय आधी पाहा, नोंदणी नंतर.

निवृत्तीची बातमी मी आत्याला प्रत्यक्ष भेटून सांगितली. तिला संचालक वगैरे शब्द फारसे कळले नसावेत. "बडवे म्हंजे आपल्या पंढरपूरचं का?" हा तिचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. "मग आता त्यांच्या जागी कोण?" हा दुसरा. डॉ. सुदीप गुप्ता, असे मी सांगितले. तेही त्या इंजेक्शनच्या अभ्यासात होते, असेही सांगितले. ती उठली, लोखंडी कपाट उघडले, सातबाराच्या पिशवीखालची फाइल काढली आणि माझ्या हातात दिली. "पुढची तारीख बघ रं," ती म्हणाली, "मागच्या खेपेला कुठंतरी पेन्सिलीनं लिवलीया."